कोकनेसेचा किल्ला, माधव नगर

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

येताहेत! सकाळी रुचिरचा फोन. शनिवारी इंदूरला उतरून इथे उज्जैनला येणार, भाऊबीज करून जाणार — दोघंही. दोघंही म्हणजे तो आणि ती. जूनमध्ये तिकडे लात्वियात कुठल्याशा कचेरीत सह्या करून लग्न उरकलं, तीच ती. इंगा. फोटोत उंच दिसते. हसणं मोकळं आहे.

भय्यासाहेब पोहे खात होते. सांगितल्याबरोबर चमचा बशीत ठेवला आणि भिंतीवरच्या तलवारीकडे बघत बसले. घरात काही गंभीर घडलं की आमचे हे तलवारीकडे बघतात. मग म्हणाले, "येऊ दे. पाहुणी म्हणून येऊ दे. सून म्हणून नाही."

"का? गोरी आहे म्हणून?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस! खानदान पाहावं लागतं की नाही? कोण, कुठली, बापजाद्यांनी काय केलं — काही पत्ता आहे? आपल्या घरात असं नाही चालत."

आपलं घर! दारावरच्या पाटीवर यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'शिंदेशाही किल्लेदार' असं कोरलंय. मूळपुरुष किल्लेदाराच्या कचेरीत कारकून होते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त बोलायचं नसतं. दोनशे वर्षांत बसल्या जागी बढती मिळाली त्यांना. मी बँकेत आयुष्य घालवलं आणि असिस्टंट मॅनेजरच्या पुढे गेले नाही. जिवंत होते ना, तेच चुकलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नियम जाहीर झाले. पाहुणीची खोली वर, रुचिरची खाली. (लग्न झालेली माणसं आहेत हो ती!) लक्ष्मीपूजनाला पाटावर रुचिर एकटा बसेल. कुणी विचारलं तर 'रुचिरच्या ओळखीची' म्हणून सांगायचं.

रुचिरला फोनवर हळूच सांगितलं. मला वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, "आई, बाबा तिला सून म्हणणार नसतील तर हे शेवटचं येणं. आम्ही तिकडचंच घर धरू. तूच ठरव काय ते."

मी काय ठरवू? या घरात मी फक्त भाजी ठरवते. पण रात्रभर डोळा लागला नाही. एकुलता एक मुलगा, आणि तोही गमवायचा कशासाठी — तर पाटीवरच्या ओळीसाठी!

८ ऑक्टोबर, बुधवार

आज थाप मारली. मस्त मारली. अजून हसू येतंय.

झालं असं की रुचिरनं इंगाचे फोटो पाठवले. एकात ती एका पडक्या किल्ल्यापुढे उभी. मागे नदी, अर्धवट भिंती, खिडक्यांतून आकाश दिसतंय. गाव कोकनेसे. इंगा उन्हाळ्यात त्या किल्ल्यावर पर्यटकांना तिकिटं देते आणि हिवाळ्यात ब्रेडच्या कारखान्यात काम करते. रुचिरनं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. मला काही वाटलं नाही. काम आहे, करते.

भय्यासाहेब माझ्या खांद्यावरून डोकावले. "हे पडकं काय आहे?"

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं — "त्यांचा किल्ला."

"त्यांचा म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या घराण्याचा. किल्लेदार होते म्हणे पूर्वी. पोरगी बोलत नाही त्याबद्दल, रुचिरलाही संकोच वाटतो. जाऊ द्या, आपल्याला काय! पाहुणीच तर आहे."

मोबाइल माझ्या हातातून गेला. दोन बोटांनी तो फोटो एवढा मोठा केला की इंगा बाहेर गेली आणि नुसती भिंत उरली. "तट जाड आहे हो," म्हणाले. "काम पक्कं आहे." मग बऱ्याच वेळानं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

संध्याकाळी वरच्या खोलीतली गादी खाली आणायला लावली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेजारच्या कल्पनाला यांनी सांगितलं. म्हणजे माधव नगरला कळलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आले. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं, ते इंगानं पायानं नीट ओलांडलं. रुचिरनं शिकवलं असणार. ओवाळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला लिहू. माझ्या पाया पडली, "आई" म्हणाली. हिंदी बोलते! मोडकंतोडकं, पण बोलते. आमच्या इथल्या मराठी घरांतल्या दोन सुनांना अजून मराठी येत नाही, त्यांना दहा वर्षं झाली.

भय्यासाहेबांनी कोट घातला होता. घरात! "आइए सूनबाई," असं खर्जातल्या आवाजात म्हणाले. आणि पाडव्याला इथल्या मराठी मंडळाची सगळी माणसं घरी येणार आहेत, तेव्हा सर्वांसमक्ष सून म्हणून ओळख करून देणार, असं जाहीर केलं. रुचिर माझ्याकडे बघत राहिला. मी ताटातलं निरांजन सारखं करत राहिले.

कल्पना तेवढ्यात आलीच. मंडळाची सेक्रेटरी आहे, तिला कुठेही यायची मुभा आहे. "गाव कोणतं म्हणाली तुम्ही वैनी? कोकनेसे? अरे म्हणजे कोकणस्थच झाली ना! देखो ना, डोळे पण घारे आहेत!" भय्यासाहेबांना हे पटलंसं दिसलं. देवा!

१३ ऑक्टोबर, सोमवार

रुचिरनं स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना काय सांगितलंयस तू? तिला काल रामघाटावर एका म्हाताऱ्यानं राणीसाहेब म्हटलं!"

मी म्हटलं, मग बिघडलं काय? तिला काय वाटलं?

"तिला वाटलं, इकडे सुनांना असंच म्हणतात."

"मग म्हणू दे की. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एकदा सून म्हणून जाहीर झाली की यांना मागे फिरता येत नाही. तुला सांगायचं असेल तर जा, सांग तुझ्या बाबांना. बैठकीत बसलेत."

गेला नाही. मला माहीत होतं जाणार नाही. लहानपणापासून याचं असंच, फुटलेल्या काचेवर पडदा ओढायचा आणि अभ्यासाला बसायचं. मग रव्याचे लाडू वळायला बसला माझ्याबरोबर. चांगले वळतो.

आता नवीन टूम निघाली आहे. मंडळाची दिवाळीतली किल्ला स्पर्धा. पूर्वी मुलं किल्ले करायची. हल्ली मुलं कोचिंगला असतात, म्हणून आजोबा करतात आणि मुलं फोटोपुरती येऊन उभी राहतात. भय्यासाहेब दर वर्षी रायगड करतात आणि दर वर्षी दुसरे येतात. या वर्षी रायगड नाही. या वर्षी 'सूनबाईंचा किल्ला'! अंगणात जागा साफ झाली. सिंहस्थासाठी आमच्या कोपऱ्यावर रस्ता खणून ठेवलाय, तिथून माती आणवली. सरकारी माती, फुकटची काळीभोर.

इंगाला सांगितलं तर ती टाळ्या पिटायला लागली. तिला खरंच आनंद झाला. मला जरासं कसंतरी झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

स्पर्धेत किल्ल्याची माहिती वाचून दाखवावी लागते. ती लिहायची कोणी? अर्थात मी. सकाळपासून मोबाइलवर त्या कोकनेसेचा इतिहास वाचतेय.

काय एकेक नग होते! आधी तिथे लाकडी किल्ला होता. मालक वेत्सेके नावाचा राजा. रिगाला जर्मन बिशप येऊन बसला. बिशप म्हणजे त्यांचा महंत, पण हाताशी फौज बाळगणारा. वेत्सेकेनं आधी गोडीगुलाबीनं घेतलं — अर्धा किल्ला तुम्हाला, अर्धा मला! बिशपनं तटबंदी मजबूत करायला आपली माणसं पाठवली. ती तलवारी बाजूला ठेवून खंदकात दगड फोडत असताना यानं त्यांना कापून काढलं. मग कळलं की मोठी फौज निघाली आहे. तर महाशयांनी काय करावं? स्वतःचाच किल्ला पेटवला आणि रशियात पळाले! बिशपनं १२०९ साली त्याच जागी दगडी किल्ला बांधला.

त्यानंतर नुसती ये-जा. आर्चबिशप झाले. रशियाचा झार इव्हान येऊन गेला. पोलंडवाले आले, स्वीडनवाले आले, पुन्हा पोलंडवाले. प्रत्येकानं तोफा डागायच्या आणि मग भोकं बुजवत बसायचं. शेवटी १७०१ साली आत जे सॅक्सन सैनिक होते, त्यांनीच निघता निघता दारू ठासून उडवून दिला. आपल्याला नाही तर कुणालाच नाही! तेव्हापासून पडकाच आहे.

आता यातून सूनबाईंचं घराणं काढायचं! मी वेत्सेकेलाच धरलं. निदान स्थानिक तरी होता. 'पराक्रमी पूर्वज राजे वेत्सेके यांनी परकीय सत्तेपुढे मान तुकवली नाही. किल्ला शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वहस्ते अग्नी दिला आणि गनिमी काव्यानं माघार घेतली.' पळाला असं कसं लिहिणार? भय्यासाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी उठून गॅस बंद करायला गेले, गॅस चालू नव्हताच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

अंगणात तंटा! इंगा कोपरापर्यंत मातीत. तीन बाजूंचा किल्ला केलाय, दोन नद्या मिळतात तिथे टोक. भिंती अर्ध्याच. खिडक्यांच्या वर काही नाही.

भय्यासाहेब: "ये बुरुज आधा क्यों है?"

"टूटा हुआ है, बाबा. सच में टूटा है."

"वो मालूम है. पण दिवाळीत पडका किल्ला? अपशकुन आहे यार रुचिर, समजाव तिला. पूरा करो. जैसा था वैसा."

"जैसा था, किसी ने नहीं देखा," ती म्हणाली.

बरोबरच आहे. पण यांनी ऐकलं नाही. स्वतः बसून मोठा बुरूज पुरा केला, वर कंगोरे काढले, भगवा लावला. मग इंगानं खालच्या बाजूला प्लास्टिक अंथरून पाणी सोडलं, पार भिंतीच्या पायापर्यंत. यांचे डोळे चमकले. "अरे, हा तर जलदुर्ग! आधी का नाही सांगितलं?" तिनं सांगायचा प्रयत्न केला की किल्ला उंच कड्यावर होता, आजीच्या काळात खाली धरण झालं आणि पाणी वर चढलं. ऐकतो कोण! जलदुर्ग म्हणून मोबाइलवर मंडळाच्या ग्रुपमध्ये फोटो गेला.

किल्ल्यावर पेरलेली मोहरी मात्र छान उगवली आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

कल्पना पाहणीला आली. "वैनी, महाराज कुठे आहेत? नियम आहे ना! महाराज नसले तर दहा मार्क कटतात."

पुण्याहून मागवलेले महाराज काढले, कुंकू लावलं, सिंहासनावर बसवले. इंगानंही हात जोडले. मग रुचिरला विचारलं, हे कोकनेसेला कधी आले होते? रुचिर खोकायला लागला. भय्यासाहेब म्हणाले, "मन से." तिनं मान डोलावली. फार समजूतदार पोरगी आहे, मला उगाच वाटतं की जास्तच समजूतदार आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

गाव आज दिवाळी करतंय, आमचं लक्ष्मीपूजन उद्या. सगळं उज्जैन एका दिवशी आणि आम्ही दुसऱ्या. दर दोन-तीन वर्षांनी हे होतं आणि दर वेळी भय्यासाहेब गच्चीत उभे राहून म्हणतात, "आपण कॅलेंडर मुंबईचं पाळतो." इतक्या पिढ्या झाल्या, शिप्रेचं पाणी पितो, दाल-बाफले खातो, शिव्या हिंदीत देतो — आणि दिवाळी वेगळी!

इंगाला उटणं लावून न्हाऊ घातलं. भेरूगढच्या छापाची ओढणी दिली. खुलून दिसते तिला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दोघं पाटावर जोडीनं बसले. जिंकले मी!

पूजेनंतर भय्यासाहेबांनी कपाट उघडलं आणि सासूबाईंची मोत्यांची नथ इंगाच्या हातात ठेवली. "खानदानाची आहे. खानदानात जावी." मला ती नथ कधी एक दिवसही घालायला मिळाली नाही. इतकी वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये होती, आणि लॉकरची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. थाप मी मारायची आणि नथ तिनं घालायची! लिहिताना हसतेय, पण लागलंय.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

संध्याकाळी मंडळाची माणसं आली. अंगण भरलं. इंदूरचे एक प्राध्यापक परीक्षक म्हणून. गल्लीतले चौधरी, जैन, त्यांच्या बायका. भय्यासाहेब फेटा बांधून. इंगा नऊवारीत, नाकात नथ. किल्ल्यात पणत्या लावलेल्या. फार देखणं दिसत होतं सगळं.

कल्पनानं माइक घेतला. (अंगणाएवढ्या जागेला माइक!) माझा मजकूर आधी मराठीत वाचला, मग शेजाऱ्यांसाठी हिंदीत. राजे वेत्सेके, स्वहस्ते अग्नी, गनिमी कावा. टाळ्या. आणि शेवटी — "तो इन्हीं राजा के वंश में, जिनके पूर्वजों ने ये किला बनाया, वो हमारी बहूरानी!"

इंगा हसली. आधी तिला वाटलं, कल्पनाची काहीतरी चूक झाली आहे. माइक मागितला.

"नहीं, नहीं. राजा का वंश नहीं. राजा तो भाग गया. मेरे लोगों ने बनाया, ये सच है. पत्थर उठाके बनाया." एकेक शब्द शोधत बोलत होती. "राजा भाग सकता है. मेरे लोग कहाँ भागते? खेत वहीं था. बिशप बोला पत्थर लाओ — लाए. पोलिश आया, बोला लाओ — लाए. स्वीडिश आया, फिर लाए. अंदर जो रहते थे, सब बाहर से आए थे. मेरे लोग अंदर कभी नहीं सोए. जब किला उड़ाया, तो पत्थर ले जाके अपने घर की दीवार बनाई. अच्छा पत्थर था."

कुणीतरी हसलं. तिला वाटलं, कौतुकानं हसताहेत. तिचा आवाज जरा खुलला. धरणाबद्दल सांगितलं. पाण्यावर बोट ठेवून म्हणाली, इथे खाली आजीची सफरचंदांची बाग आहे. "अब मैं वहाँ टिकट देती हूँ, गर्मी में. सर्दी में ब्रेड की फैक्टरी. मेरे घर में मैं पहली हूँ जो रोज किले के अंदर जाती हूँ." आणि मग भय्यासाहेबांकडे वळून, अगदी मनापासून, "बाबा, आपका भी तो किला था ना? आप लोग पत्थर वाले थे, कि अंदर रहने वाले?"

माइक कुरकुरला. प्राध्यापकांनी पाण्याच्या ग्लासात तोंड घातलं. चौधरींच्या सूनबाईंनी तर पदरच कोंबला तोंडात. रुचिर कुठे होता? पणत्यांना तेल घालत होता.

भय्यासाहेबांनी फेटा काढला, हातात घेतला आणि आत गेले. सून म्हणून ओळख करून द्यायची राहिलीच. कल्पना म्हणाली, "चला चला, पुढचा किल्ला बघायचा आहे," आणि दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं. इंगा माइक घेऊन तशीच उभी. मला विचारलं, "आई, मैंने कुछ गलत बोला?"

मी म्हटलं, नाही गं. हिंदी चांगली झाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सकाळपासून भय्यासाहेब तलवारीकडेसुद्धा बघत नाहीत. रुचिर बॅगा भरायला लागला, मी अडवलं नाही. संपलं सगळं, असंच वाटलं. नथ इंगानं माझ्या हातात आणून दिली, रुमालात गुंडाळून. तिला आता बरंच काही कळलं होतं, कोणी सांगितलं कोण जाणे.

दुपारी चहा घेऊन बाहेर आले तर काय बघते! हे अंगणात, किल्ल्याजवळ, मातीत. गुडघ्यावर! ज्या गुडघ्यासाठी इंदूरचे तीन डॉक्टर झाले, त्याच गुडघ्यावर. समोर इंगा उकिडवी.

"ये बुरुज इतना ऊँचा नहीं है ना अभी?"

"नहीं, बाबा."

"कहाँ तक है?"

तिनं बोटानं दाखवलं. यांनी खुरपं घेतलं आणि स्वतः पुरा केलेला बुरूज स्वतःच पाडला. कंगोरे, भगवा, सगळं उतरवलं. महाराजांना आधीच आत देवघरात नेऊन ठेवलं होतं. "खिडकी?" — "यहाँ. ऊपर कुछ नहीं, सिर्फ आसमान." — "ठीक."

बराच वेळ दोघं पाडत होते. मग हे म्हणाले, तिच्याकडे न बघता, "कल तुमने पूछा था. सुनो. हम ना पत्थर वाले, ना रहने वाले. हम लिखने वाले थे. आज कितने पत्थर आए, कितने मजदूर आए, वो लिखते थे. बस."

इंगानं विचार केला. "तो आपने मेरे लोगों को गिना."

"गिना होगा, बेटा."

आणि दोघंही हसायला लागले! मी चहा घेऊन उभी, निवून गेला चहा. या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबले आणि ते त्यांनी मला नाही सांगितलं.

संध्याकाळी कल्पनाचा फोन आला, सहानुभूतीचा. हे एवढंच म्हणाले, "हो हो, मजदूर खानदानातलीच आहे. माझी सून आहे. आणि काय?" मग नथ माझ्याकडून मागून घेतली आणि पुन्हा तिला दिली.

स्पर्धेत उत्तेजनार्थसुद्धा नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात आनंदीआनंद. सासरा-सून सकाळी रामघाटावर जाऊन आले, येताना जिलबी. रुचिरनं बॅगा उघडल्या. मला मात्र कोणी एका शब्दानं म्हणत नाही की बाई, हे सगळं तुझ्यामुळे झालं. माझी थाप नसती तर ही पोरगी वरच्या खोलीत पाहुणी म्हणून राहिली असती आणि निघून गेली असती!

२५ ऑक्टोबर, शनिवार

म्हणाली तर सही, पण इंगा म्हणाली.

मी शेव-चिवड्याचे डबे भरत होते, त्यांच्यासाठी. ती आली आणि समोर बसली. "आई, वो राजा वाली बात आपने बनाई थी? रुचिर ने बोला."

"मीच! और क्या करती? ये तुझे घर में नहीं ले रहे थे. तुझ्यासाठी केलं बेटा. तेरे लिए."

मी हसत होते. ती हसली नाही.

"बाबा को कुछ पता नहीं था, तब उन्होंने मना किया. पता चला, तो नीचे बैठ गए मेरे साथ." मग थांबली, शब्द शोधत. "आपको सब पता था, आई. टिकट भी, ब्रेड भी. पहले दिन से. आपको लगा, ये बोलने लायक नहीं है."

मी म्हटलं, तसं नाही गं. तसं नव्हतं. तिनं मान हलवली आणि डब्यांची झाकणं लावू लागली, घट्ट, एकेक करून. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. माझे बाबा रेल्वेत गुड्स क्लार्क होते. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी सगळीकडे सांगितलं, स्टेशनमास्तरांची मुलगी. कुणी खोडून काढलं नाही, मीही नाही; मला तर ते बरंच वाटलं होतं. बाबा या घरी यायचे तेव्हा कोणी स्टेशनमास्तर म्हटलं की मान खाली घालून चहा प्यायचे. बोलायचे नाहीत. लवकर उठायचे. पुढे पुढे यायचेच बंद झाले. मी तेव्हा म्हणायचे, बाबांचा स्वभावच अबोल.

अबोल नव्हते बाबा. घरी किती बोलायचे!

२६ ऑक्टोबर, रविवार

इंदूरला पोचवायला गेलो. विमानतळावर रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी कौतुकानं इंगाला विचारलं, "बेटा, ये तुम्हारे कौन हैं?"

"ये मेरे बाबा हैं," यांचा हात धरून म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबली.

"और ये रुचिर की मम्मी हैं."